ओळख दाखवायची की करून घ्यायची?

सदर : उमलती पिढी



यंदा नववीत आम्हाला ‘आपली राष्ट्रीय ओळख’ या विषयावर प्रकल्प होता. चार-चार जणींचे गट केले होते. प्रत्येकीने आपापल्या समाजाने देशासाठी काय केले याची माहिती आणायची आणि सगळ्यांनी मिळून एक तक्ता तयार करायचा, असे ठरले.

मी दोन दिवसांत यादी केली. 1927 साली फाशी गेलेले अशफाकउल्ला खान, ‘भारत छोडो’ ही घोषणा सुचवणारे युसुफ मेहेरअली, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद, 1965 च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणारे अब्दुल हमीद, राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम. यादी वाचून माझ्या गटातली मैत्रीण म्हणाली, “तुझी यादी केवढी मोठी! मला तर घरी कुणी अशी यादी पाठ करायला सांगितलीच नाही.” ती सहज बोलून गेली, पण मला रात्रभर तेच आठवत राहिले. आमच्या घरात ही नावे लहानपणापासून पाठ करून घेतात. तिच्या घरात त्याची गरज का पडत नाही?

अब्बांना विचारले. ते म्हणाले, “बेटा, नावं सगळी खरी आहेत, अभिमानाची आहेत. पण वकील कोर्टात साक्षीदार उभे करतो, तशी तू त्यांना उभी करतेस का, ते बघ. आणि एक सांग, आपल्या गावाचं नाव यात कुठं आहे?”

खरेच, यादीत सोलापूर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. तिथून रोज जाणे-येणे असते, पण थांबून नावे वाचली नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मग ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचली. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटून उठले. गिरणी कामगार रस्त्यावर आले. 8 मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. 12 मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून या चौघांवर खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा आणि एक मुसलमान. एकाच खटल्यात उभे राहिले, एकाच दिवशी गेले. आम्ही चौघी आपापल्या समाजाचे वेगळे कागद घेऊन बसलो होतो. त्यांचे वेगळे कागद करायचे म्हटले तर करणार कसे? कुर्बान हुसेन यांना ‘मुस्लिमांचे योगदान’ या चौकटीत टाकले, तर सोलापूरची गोष्ट अर्धीच राहते. बाकीच्या तिघांना त्यांच्यावाचून सांगितले, तरीही ती अर्धीच राहते.

बाईंची परवानगी घेऊन आम्ही तक्ता बदलला. मध्ये आमचे शहर, त्यात ही चार नावे आणि भोवती इथल्या चार भाषा : मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. खाली राज्यघटनेची उद्देशिका. तिची सुरुवातच ‘आम्ही’ने होते, हे आम्ही ठळक अक्षरांत लिहिले.

हे काम करताना मला मराठीतल्या ‘ओळख’ या शब्दाचे नवल वाटले. ‘माझी ओळख’ म्हणजे मी कोण आहे ते. आणि ‘आमची ओळख झाली’ म्हणजे दोन माणसे एकमेकांना जाणू लागली. दोन्हींना शब्द एकच. दादीने सूरह अल-हुजुरातमधील तेराव्या आयतीचा अर्थ समजावून सांगितला, तेव्हा हे अधिकच पटले. अल्लाहने माणसांची कुळे आणि जमाती केल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, आणि त्याच्याजवळ श्रेष्ठ तो, जो अधिक परहेजगार. म्हणजे वेगळेपण आहे ते ओळखीसाठी. त्यावरून कुणी श्रेष्ठ ठरत नाही आणि कुणाला सारखा दाखलाही द्यावा लागू नये.

पाठ केलेली यादी मी टाकून दिलेली नाही. ती माणसे माझीही आहेत आणि माझ्या मैत्रिणीचीही. धनशेट्टी, सारडा, शिंदे हेही तसेच आता माझे झाले आहेत. आता कुणी विचारले की तुमच्या लोकांनी देशासाठी काय केले, तर मी आधी विचारीन, “माझे लोक म्हणजे कोण? सोलापूरचे? मग चला, चौघांची गोष्ट सांगते.”

अम्मी-अब्बांना एक विनंती. मुलांना असा प्रकल्प आला की नावांची यादी हाती देऊन थांबू नका. त्यांना आपल्या तालुक्याच्या हुतात्मा स्मारकावर घेऊन जा, तिथली सगळी नावे वाचू द्या. घरात वृद्ध माणसे असतील, तर शेजारच्या कोणत्या घरांशी किती पिढ्यांचा घरोबा आहे, तेही त्यांच्याकडून ऐकू द्या. पुस्तकात हे सापडत नाही, आणि सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत.

– इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी, सोलापूर