तेलाचा शोध आणि दिल्लीची तिजोरी

एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढीत नाही. ती केंद्र सरकार स्वतः काढते आणि तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे, तर अर्थसचिवांची सही असते. या नोटेच्या मागील बाजूस समुद्रात उभ्या असलेल्या 'सागर सम्राट' या रिगचे चित्र आहे. याच रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रतळाखाली तेल शोधून काढले. तिला हा मान मिळाला यात गैर काहीच नाही. परंतु गेल्या तीन दशकांचा कारभार पाहता, अर्थखात्याने तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा गौरव नोटेवरील चित्रापुरताच ठेवला आणि एरवी त्याच्याकडे नोटा पुरविणारे यंत्र म्हणूनच पाहिले, असे खेदाने म्हणावे लागते.

हे महामंडळ कशासाठी जन्मास आले, याचे स्मरण म्हणूनच आवश्यक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशातील तेलाचा धंदा परकीय कंपन्यांच्या हाती होता. मुंबईत १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पण या कंपन्यांचा रस बाहेरून आणलेले तेल येथे शुद्ध करून विकण्यात होता. आसामबाहेर भारताच्या भूमीत तेल शोधणे ही कोणाच्याच निकडीची गोष्ट नव्हती. अशा वेळी केशवदेव मालवीय यांनी हा शोध सरकारनेच हाती घेतला पाहिजे, असा आग्रह धरला. १९५५ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्यात तेल व नैसर्गिक वायूचा स्वतंत्र विभाग निघाला, १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचा आयोग झाला आणि १९५९ साली संसदेने कायदा करून या आयोगास वैधानिक अधिष्ठान दिले. रशियन तज्ज्ञांचे साहाय्य मिळाले. १९५८ साली खंबायतला आणि १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले. अंकलेश्वरच्या पहिल्या विहिरीचे नेहरूंनी 'वसुधारा' असे नामकरण केले. आज वांद्र्याला महामंडळाचे जे कार्यालय आहे, त्याला हेच नाव आहे.

आयोगाचे मुख्यालय दिल्लीत नव्हते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ते देहराडूनला होते. भारतीय सर्वेक्षण खाते आणि वनसंशोधन संस्था ज्या गावात नांदत होत्या, त्याच गावात तेलशोधाचाही कारभार चालला. १९६२ साली तेथेच आयोगाची संशोधन संस्था उभी राहिली. पुढे तिला मालवीयांचे नाव देण्यात आले. खोदकामाच्या तंत्राची आणि भूभौतिक माहितीच्या विश्लेषणाची संस्थाही तेथेच झाली. म्हणजे तेल भवनातील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या शेजारी मंत्रालयाचा उपसचिव बसत नसे. भूवैज्ञानिक बसत असे. मोठ्या खर्चाला दिल्लीची मंजुरी तेव्हाही लागत होती, हे खरे. तरीही शोधाचा निर्णय कोणत्या वातावरणात घेतला जातो, याला महत्त्व असतेच. मुख्यालयाची जागा हा केवळ विटा-सिमेंटचा प्रश्न नसून, संस्थेने कोणाच्या सहवासात राहावे याचा तो प्रश्न आहे.

या रचनेचे फळ मुंबईच्या समुद्रात दिसले. साठीच्या दशकात रशियन संशोधन नौकेने खंबायतच्या आखाताची आणि मुंबईलगतच्या समुद्राची पाहणी केली होती. ऑक्टोबर १९७३ च्या पश्चिम आशियातील युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांतच जवळजवळ चौपट झाले आणि भारताच्या परकीय चलनाच्या गंगाजळीला ओहोटी लागली. त्याच हिवाळ्यात जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' मुंबई हायवर उभी होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. समुद्रातील कामाचा फारसा अनुभव नसलेल्या संस्थेने शोधापासून उत्पादनापर्यंतची मजल अवघ्या सव्वादोन वर्षांत मारली. पुढे उरणला समुद्रातील तेल आणि वायू येऊ लागला, थळच्या खत कारखान्याला त्यातून कच्चा माल मिळाला आणि रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचे रूपच पालटले. १९८९ च्या सुमारास मुंबई हायमधून दिवसाला ४ लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते.

त्या काळाला सुवर्णयुग ठरविण्याचे मात्र कारण नाही. उत्पादनाचे आकडे वाढविण्याच्या भरात मुंबई हायमधून प्रमाणाबाहेर उपसा झाला आणि भूगर्भातील दाब टिकविण्यासाठी पाणी सोडण्याचे काम मागे पडले, अशी टीका झाली आणि ती निराधार नव्हती. ऐंशीच्या दशकाअखेर उत्पादन घसरू लागले. आयोगाच्या कारभारात शैथिल्य होते, खर्चावर अंकुश कमी होता. म्हणूनच १९९३ साली आयोगाचे रूपांतर कंपनीत झाले, तेव्हा त्याचे स्वागत करणारे पुष्कळ होते. व्यापारी शिस्त येईल, निर्णय लवकर होतील, संस्था मंत्रालयाच्या पाशातून सुटेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाश सुटला नाही. तो अधिक जवळून आवळला गेला. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय दिल्लीत गेले. अध्यक्ष आणि संचालक दिल्लीत बसू लागले. आज ते वसंत कुंजमधील दीनदयाळ ऊर्जा भवनात बसतात. देहराडूनचे तेल भवन उभे आहे, संशोधन संस्थाही तेथे आहेत. पण निर्णयाचे केंद्र तेथून केव्हाच हलले.

त्यानंतर काय घडले, याचा हिशेब सरकारी कागदांतच आहे. १९९४ साली पन्ना, मुक्ता आणि तापी ही क्षेत्रे खासगी कंपन्यांच्या भागीदारीत देण्यात आली. पन्ना आणि मुक्ता ही तर आयोगानेच शोधून काढलेली क्षेत्रे. तरी त्याच्या वाट्याला ४० टक्के हिस्सा राहिला. मुदत संपून ती डिसेंबर २०१९ मध्ये महामंडळाकडे परत आली, तोपर्यंत त्यांच्या भरभराटीचा काळ सरला होता. २००३-०४ पासून सुमारे एक तप पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि गॅस स्वस्त ठेवण्याच्या सरकारी धोरणाचा मोठा बोजा महामंडळावर टाकला गेला. लोकांना इंधन स्वस्त मिळावे की नाही, हा राजकीय निर्णय. त्याची किंमत अंदाजपत्रकातून चुकती व्हायला हवी होती. ती तेलशोधाच्या पैशांतून चुकती झाली.

२०१७ आणि २०१८ या वर्षांत तर या रीतीने कळस गाठला. आधी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील, अपेक्षित फळ न दिलेल्या एका गॅसक्षेत्रातील गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाचा ८० टक्के हिस्सा ७,७०० कोटींहून अधिक रुपयांना घेण्यात आला. पाठोपाठ जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने हिंदुस्थान पेट्रोलियममधील आपले ५१.११ टक्के भाग ३६,९१५ कोटी रुपयांना ओएनजीसीला विकले. त्या वर्षीचे निर्गुंतवणुकीचे लक्ष्य पार पडले. सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेल्या या पैशाला निर्गुंतवणूक म्हणणे हाच मुळात शब्दच्छल होता. परंतु ज्या खिशातून पैसा गेला तो रिकामा झाला, हे तर खरेच. तोवर कर्जापासून दूर राहिलेल्या संस्थेला या खरेदीसाठी सुमारे २५ हजार कोटींचे कर्ज काढावे लागले. या रकमेत किती विहिरी खोदता आल्या असत्या, हा प्रश्न संसदेत ज्या तीव्रतेने विचारला जावयास हवा होता तसा विचारला गेला नाही.

या संस्थेविषयी दिल्लीला किती आस्था आहे, याचे आणखी एक प्रमाण पाहण्याजोगे आहे. एप्रिल २०२१ पासून दीड वर्षाहून अधिक काळ ओएनजीसीला पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. हंगामी अध्यक्षांवर कारभार चालला. एखाद्या साखर कारखान्याचे अध्यक्षपद इतका काळ रिकामे राहिले असते, तर सभासदांनी तालुका डोक्यावर घेतला असता. देशातील खनिज तेलाचा सर्वांत मोठा हिस्सा काढणाऱ्या संस्थेबाबत मात्र कोणाला तातडी वाटली नाही. याच काळात, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळात मुंबई हायच्या कामावर असलेली पी-३०५ ही बार्ज बुडाली आणि सत्तरांहून अधिक कामगारांचा बळी गेला. त्यापूर्वी जुलै २००५ मध्ये समुद्रातील एक उत्पादन-मंच आगीत संपूर्ण नष्ट होऊन २२ जण मृत्युमुखी पडले होते. या दुर्घटनांचा संबंध थेट मुख्यालयाच्या पत्त्याशी जोडणे अन्यायाचे होईल. पण जेथे धोका आहे तेथे पुरेसा अधिकारही असला पाहिजे, हा धडा त्यांतून निश्चितच मिळतो.

याउलट नॉर्वेने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९७२ साली तेथील संसदेने सरकारी तेल कंपनी स्थापन केली आणि तिचे मुख्यालय ऑस्लो या राजधानीत न ठेवता, उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील स्टाव्हांगर गावी ठेवले. तेलावर देखरेख करणारे संचालनालयही तेथेच बसविले. आज ती कंपनी इक्विनॉर या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय स्टाव्हांगरलाच आहे. सरकारला तेलातून मिळणारे उत्पन्न साठविण्यासाठी १९९० साली कायद्याने निराळा निधी निर्माण झाला. नॉर्वेची लोकसंख्या लहान, तेलाचे साठे मोठे. तेव्हा तुलना पूर्णपणे जुळणारी नाही. परंतु मालक म्हणून सरकारने किती घ्यावे आणि धंदा म्हणून कंपनीजवळ किती ठेवावे, यांमधील रेषा तेथे आधी आखली गेली. आपल्याकडे ती रेषा दरवर्षी मार्चअखेर, वित्तीय तूट पाहून आखली जाते.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, महामंडळ सरकारच्या मालकीचे आहे, मग मालकाने नफा घेतला तर बिघडले कोठे? नफा घेण्यास कोणाची हरकत नाही. बियाणे खाण्यास हरकत आहे. दुसरा आक्षेप असा की, भारताच्या भूगर्भातच तेल थोडे आहे, त्याला पैसा काय करणार? तेल थोडे असेल; पण आसामबाहेर तेल शोधण्याचा खटाटोप पन्नासच्या दशकातही अनेकांना व्यर्थ वाटत होता. तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. तेलाचे युगच संपत आले आहे, मग नव्या विहिरींवर खर्च का करावा? परंतु ते युग संपेपर्यंत तेल कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच. देशाच्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आज आयात होते. २०११-१२ साली देशात सुमारे ३ कोटी ८० लाख टन तेल निघाले होते. २०२३-२४ साली ते ३ कोटी टनांच्याही खाली होते. आखातातील प्रत्येक युद्धाचा हादरा कोकणातल्या मच्छीमाराच्या डिझेलपर्यंत पोहोचतो, तो यामुळेच.

नवे काही घडलेच नाही, असे नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रातून जानेवारी २०२४ मध्ये तेल येऊ लागले. मात्र ज्या योजनेला २०१६ साली मंजुरी मिळाली होती, तिला तेलाचा पहिला थेंब पाहण्यास जवळजवळ आठ वर्षे लागली. खोल समुद्रातील काम मुंबई हायपेक्षा कितीतरी अवघड, हे मान्य करूनही हा विलंब लहान नाही. आता जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे घटते उत्पादन सावरण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली आहे. ज्या बर्मा ऑइलने १९०९ साली बीपीची पूर्वज कंपनी काढली, तीच बर्मा-शेलची एक भागीदार. परकीय कंपन्यांवर विसंबून राहावे लागू नये म्हणून जी संस्था निघाली, तिला सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याच घराण्याचा दरवाजा ठोठावावा लागावा, हा काळाचा विचित्र फेरा आहे. ज्ञान कोठूनही घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पन्नासच्या दशकात ते रशियाकडून घेतले होतेच. पण उसने घेतलेले ज्ञान घरात रुजवावयाचे, तर घरातल्या शास्त्रज्ञांच्या हाती पैसा आणि अधिकार हवा.

म्हणून मुख्यालय देहराडूनला असावे, दिल्लीत की मुंबईत, एवढाच वाद घालण्यात अर्थ नाही. लाभांशाची कमाल मर्यादा ठरवून तेलशोधाचा निधी कायद्याने सुरक्षित करणे, सरकारी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत महामंडळास यापुढे न ओढणे, अध्यक्षाची नेमणूक पद रिकामे होण्यापूर्वी करणे आणि समुद्रातील कामाविषयीचे तांत्रिक व सुरक्षिततेचे निर्णय मुंबईतील अधिकाऱ्यांनाच घेऊ देणे, एवढ्या गोष्टी संसदेने मनावर घेतल्या तरी पुरे. त्यांसाठी नवे भवन बांधावे लागत नाही.

ती जुनी 'सागर सम्राट' आजही निकालात निघालेली नाही. उत्पादन-मंचात रूपांतर होऊन डिसेंबर २०२२ पासून ती पुन्हा मुंबईच्या समुद्रात कामाला लागली आहे. वयाची पन्नाशी गाठलेली रिग अद्याप तेल काढीत आहे आणि तिच्या चित्राची नोट काढणारे खाते तिच्या मालकाकडून पैसे काढीत आहे. यांपैकी देशाच्या अधिक उपयोगाचे काम कोणते, हे अर्थखात्याने स्वतःलाच विचारावे.