शब्दांची कुळकथा : ‘नेट’

वेतनाच्या चिठ्ठीवर, बिस्किटांच्या पुड्यावर आणि बँकेच्या ताळेबंदात ‘नेट’ हे विशेषण नित्य भेटते. त्याचा अर्थ विचारला तर ‘वजावट करून उरलेले’ असे उत्तर तत्काळ मिळेल. मात्र शब्दाच्या मुळात वजाबाकी नाही, स्वच्छता आहे.

लॅटिनमधील ‘नितिदुस’ म्हणजे चकाकणारे, उजळ. त्यापासून फ्रेंच भाषेत ‘नेट’ झाला आणि तेथून स्वच्छ, निर्भेळ या अर्थाने तो इंग्रजीत आला. टापटीप या अर्थाचा इंग्रजी ‘नीट’ त्याचाच सख्खा भाऊ. जाळे या अर्थाचा ‘नेट’ मात्र वेगळ्या, जर्मानिक कुळातला. आपल्या ‘नेटका’शीही गल्लत नको, तो शब्द समर्थांच्या दासबोधातही आहे, तेव्हा इंग्रजीकडे त्याचे काही देणे निघत नाही.

स्वच्छतेचा हा शब्द हिशेबात शिरला तो व्यापारामुळे. इटालियन भाषेत मालाचे पोत्यासकट वजन ‘लोर्दो’ आणि पोते वगळून उरलेले ‘नेत्तो’. ‘लोर्दो’चा शब्दशः अर्थ मळलेले! वगळायच्या वजनाला ‘तारा’ म्हणत; तो अरबीतून आला असून त्याच्या मुळाशी टाकून देण्याची कल्पना आहे. आपला दुकानदार तेल मोजण्यापूर्वी भांड्याचा धडा करतो, तोच हा व्यवहार. ‘लोर्दो’ इंग्रजीने घेतला नाही. त्याऐवजी फ्रेंचमधून ‘ग्रॉस’ घेतला. त्याचा अर्थ जाड, स्थूल.

मराठीत या जोडीला ‘ढोबळ’ आणि ‘निव्वळ’ असे प्रतिशब्द रूढ झाले. ज्यांनी ते योजले त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे, कारण दोन्ही शब्द अगदी मूळ अर्थाला जाऊन भिडतात. निव्वळ म्हणजे निवळलेले, गाळ खाली बसून वर राहिलेले स्वच्छ. गढूळ पाणी निवळण्यासाठी पूर्वी घरोघरी ज्या बिया उगाळून घालत, त्यांचे नावच निवळी. संस्कृतात कतक.

हा कतक स्वाध्याय करणाऱ्या वाचकांच्या परिचयाचा असेल. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी जीवाचे पाच भाव सांगितले आहेत. त्यांतील औपशमिक भाव समजावताना आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याच बीजाचा दृष्टांत दिला आहे. कतक घातल्याने चिखल तळाशी बसतो, पाणी स्वच्छ दिसते, हा उपशम. तेच पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घेतले की चिखलाचा संबंधच उरत नाही, हा क्षय. उपशम खोटा नव्हे, त्या काळापुरते पाणी खरोखरच स्वच्छ असते. परंतु भांडे हलले की ते पुन्हा गढूळते. म्हणूनच अकराव्या उपशांतमोह गुणस्थानावरून जीव खाली येतो, बाराव्या क्षीणमोहावरून येत नाही.

हा भेद ठेवीदारानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अनेक बँका व पतसंस्था आपल्या वार्षिक अहवालात ‘नेट एनपीए शून्य टक्के’ असे ठळक अक्षरांत छापतात, आणि वाचणाऱ्याचा समज होतो की संस्थेचे एकही कर्ज थकलेले नाही. समजा, एकूण कर्जे शंभर कोटींची आणि त्यांपैकी आठ कोटी अनुत्पादक. संस्थेने नफ्यातून आठ कोटींची तरतूद केली की निव्वळ अनुत्पादक कर्ज शून्य होते. वसूल मात्र एक रुपयाही झालेला नसतो! तरतूद करणे हा सावध कारभारच आहे आणि अशी संस्था तरतूद न करणाऱ्या संस्थेपेक्षा केव्हाही बरी. तरीही शून्य हा उपशम आहे, क्षय नव्हे. पुढील वर्षी आणखी चार कोटी थकले तर तेवढी तरतूद करण्याइतका नफा हवा. तो नसेल तर पाणी गढूळलेच.

निर्लेखनाचीही तीच गोष्ट. निर्लेखित कर्ज संस्थेच्या ताळेबंदातून निघून जाते, म्हणून ढोबळ आकडाही लहान दिसू लागतो. परंतु ऋणकोचे देणे कायम राहते आणि वसुलीचे प्रयत्न चालूच ठेवावे लागतात. अहवाल हाती आल्यावर ढोबळ थकीत किती, त्यावर तरतूद किती आणि वर्षभरात निर्लेखित किती केले, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. ते बहुधा मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत असतात.