व्हायरस काढता येतो, पण गेलेली फाइल परत येईलच असं नाही!

अँटिव्हायरस कोणता टाकायचा, हे सगळे विचारतात. फाइलची दुसरी प्रत कुठे आहे, हे कुणी विचारत नाही. खरं नुकसान तिथेच होतं.

रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात एकच पेन ड्राइव्ह किती कॉम्प्युटरला लागतो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. अर्ज भरायला सेवा केंद्रात, प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात, निकालपत्रक द्यायला शाळेत, तोच पेन ड्राइव्ह फिरतो. मग एक दिवस फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात आणि धावपळ सुरू होते.

‘आमच्या फायलींत चोरण्यासारखं काय आहे?’ असं अनेकांना वाटतं. पण व्हायरस माणूस पाहून येत नाही. त्याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे.

लाइन गेली म्हणून वाचलं

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. काही तासांत त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं काम बंद पाडलं. मर्स्क समूहाकडे असलेलं नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही त्यात सापडलं. युक्रेनमधल्या हल्ल्याशी आपल्या बंदराचा काहीच संबंध नव्हता, तरी कंटेनर अडकले.

मर्स्कला १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. सर्वात मोठी अडचण वेगळीच होती. कोणता कर्मचारी कोणत्या यंत्रणेत जाऊ शकतो, याची मुख्य नोंद अनेक सर्व्हरवर ठेवलेली होती. पण ते सगळे एकमेकांना जोडलेले असल्याने सगळेच एकदम गेले. शेवटी एक प्रत सापडली ती आफ्रिकेतल्या घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तिथली लाइन गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर बंद होता आणि बंद होता म्हणूनच वाचला.

लाइन जाण्याचा त्रास विदर्भातल्या गावांना सांगायला नको. इथे मात्र त्याच त्रासाने एका बलाढ्य कंपनीला तारलं. यातून घ्यायचा धडा एकच: जोडलेली प्रत ही सुरक्षित प्रत नाही.

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे एमआयडीसीवर, रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात असल्याने तो सुरक्षित आहे, असं महामंडळाने तेव्हा सांगितलं होतं. घानात जे नशिबाने झालं, ते इथे आधीच्या तयारीने झालं.

व्हायरस आला, आता काय करायचं?

सर्वात आधी इंटरनेट बंद करा आणि पेन ड्राइव्ह काढून घ्या. तो दुसऱ्या कॉम्प्युटरला ‘लागतो का बघू’ म्हणून लावू नका.

फोल्डरचे शॉर्टकट झाले असतील तर घाबरून फॉरमॅट मारू नका. अशा वेळी फायली बहुतेकदा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा. विंडोजमध्ये ‘डिफेंडर’ मोफत मिळतो. मग लपवलेल्या फायली जाणकाराकडून उघड करून घ्या.

फायलींची नावं विचित्र झाली आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली, तर ते रॅन्समवेअर आहे. यात फाइल जागेवरच असते, पण तिला कुलूप लागलेलं असतं. पैसे देऊ नका, कारण चावी मिळण्याची हमी नसते. नॉटपेट्यामध्ये तर पैसे भरूनही फायली उघडणं शक्य नव्हतं. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही रॅन्समवेअरच्या चाव्या मोफत मिळतात. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वरही साफसफाईची मोफत साधनं आहेत.

मोबाइलवर हाच धोका ‘एपीके’ फाइलच्या रूपात येतो. पीएम किसान, वाहनाचं चलन किंवा लग्नपत्रिका अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर ती येते. पाठवणारा ओळखीचा असतो, कारण त्याचाच मोबाइल आधी फसलेला असतो. असं अ‍ॅप टाकलं की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि ओटीपी बाहेर जातो. चुकून टाकलंच तर मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आधी कोणती फाइल जपायची?

सगळंच जपायला गेलं की काहीच जपलं जात नाही. म्हणून फायलींचे दोन ढीग करा. पहिला, पुन्हा मिळणाऱ्या फायलींचा. डिजिटल सही असलेला सातबारा पुन्हा काढता येतो. आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स ‘डिजिलॉकर’मध्ये मिळतात. दुसरा ढीग पुन्हा न मिळणाऱ्या फायलींचा. बचत गटाचा हिशोब, जुन्या कागदांचे स्कॅन, गेलेल्या माणसांचे फोटो, दुकानाची उधारीची वही. जीव जपायचा तो या दुसऱ्या ढिगाचा.

त्याच्या दोन प्रती ठेवा. एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. तिथे १५ जीबीपर्यंत जागा मोफत असते. दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर. कॉपी झाली की तो काढून कपाटात ठेवायचा. कायम कॉम्प्युटरला लावून ठेवलेली हार्ड डिस्क व्हायरससाठी त्याच कॉम्प्युटरचा भाग असते. गुगल फोटोजवरच सगळं आहे, असं समजूनही निर्धास्त राहू नका. मोबाइलमधल्या त्या अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला, की ऑनलाइन साठवलेलाही जातो.

जबाबदारी एकट्या गावकऱ्याची नाही

‘लोकांनी काळजी घ्यावी’ एवढं सांगून विषय संपत नाही. शेतकऱ्याला फाइल घेऊन सेवा केंद्रात जावंच लागतं, कारण योजनांचे अर्ज ऑनलाइन आहेत. मग ज्या कॉम्प्युटरवर सारं गाव आपली कागदपत्रं उघडतं, तो स्वच्छ ठेवणं ही केंद्राची जबाबदारी नाही का? तिथे अँटिव्हायरस चालू असावा, पेन ड्राइव्ह उघडण्याआधी स्कॅन व्हावा आणि काम झाल्यावर ग्राहकाच्या आधारची फाइल डेस्कटॉपवर पडून राहू नये. शाळा, सोसायटी आणि ग्रामपंचायतीनेही आठवड्यातून एकदा हिशोबाची प्रत काढून कुलपात ठेवावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक हार्ड डिस्क आणि कामाला नेमलेला एक माणूस पुरेसा आहे.

पुढच्या पेरणीसाठी घरचं सोयाबीन बियाणं राखणारा शेतकरी सगळं धान्य एकदम बाजारात नेत नाही. फायलींचंही तसंच आहे. आज घरी गेल्यावर एकच फाइल निवडा, जी गेली तर पुन्हा मिळणार नाही. तिची दुसरी प्रत काढा आणि मगच कोणता अँटिव्हायरस चांगला, याची चर्चा करा.