जाहिरात नाही? मग विचारा की!

‘अगं, पण त्यांनी जाहिरात कुठे दिलीय?’ दर आठवड्याला कुणीतरी मला हे ऐकवतंच. जाहिरात नाही म्हणजे जागा नाही, हे आपलं ठाम गणित. आणि आपण होऊन विचारायचं म्हणजे जणू हात पसरणं!

पण बॉस, जागा जाहिरातीच्या बरीच आधी तयार होते. कुणीतरी राजीनामा टाकतं. नवा क्लायंट येतो आणि टीम रात्री दहापर्यंत ऑफिसात अडकते. मॅनेजरला माणूस हवा असतो, एचआरचा कागद मात्र अजून फिरतच असतो. तुमचा मेल पोहोचायला हवा तो याच दिवसांत.

लिहायचं काय? १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुडोविको स्फोर्झासाठी नोकरीचं पत्र तयार केलं. त्यात काय होतं? झटपट हलवता येणारे पूल, तोफा, चिलखती गाड्या! चित्रकला आली ती थेट शेवटाकडे. समोरच्याला काय हवंय, ते त्याने आधी ओळखलं होतं.

आपणही तेच करायचं. ‘माझी स्वप्नं’ बाजूला, आधी त्यांचं काम. एचआरच्या जनरल आयडीवर नको, ज्याच्या टीममध्ये जायचंय त्यालाच लिहा. सात-आठ ओळी पुरे. त्यांचं कुठलं काम पाहिलंत, तसं तुम्ही काय केलंय आणि पंधरा मिनिटं बोलता येईल का. आठवड्याने एकदा आठवण करा, मग थांबा. रोज पिच्छा पुरवलात तर चांगला मेलही वाया जातो.

अनोळखी माणसाला लिहायला जीव धजत नाही? मग अर्धवट ओळखी आठवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या न्यूटन शहरातल्या नोकरदारांचा अभ्यास केला. १९७४च्या त्यांच्या पुस्तकानुसार निम्म्याहून जास्त जणांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. गंमत म्हणजे ही ओळख बहुतेकदा रोजच्या दोस्तांची नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्यांची होती. साहजिकच आहे, जिवलग मित्रांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला असतं. तेव्हा जुना रूममेट, आधीच्या ऑफिसातली सीनियर, यांना एक फोन कराच.

उत्तर नाही आलं तर? नाही आलं. तुमचं काय गेलं, दहा मिनिटं! न विचारता बसलात, तर जागा होती हे कळतं खरं, पण दुसऱ्याचे पेढे खाताना.