तेल्यावर वनस्पती अर्क: प्रयोगशाळेतील निकाल बागेत किती चालतो?

डाळिंब बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो वारंवार फिरतो. काचेच्या बशीत जिवाणूंची पांढरट साय, मध्ये लसूण किंवा तुळशीच्या अर्काची चकती आणि तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ. खाली ओळ असते, ‘तेल्यावर सिद्ध झालेला उपाय’. फोटो बहुतेक वेळा खरा असतो, पण खालच्या ओळीबद्दल तसे म्हणता येत नाही.

हा विषय आता तापण्याचे कारण तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीनचा शेतीतील वापर थांबवण्यासाठी मसुदा अधिसूचना काढली. १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करावा, असा त्यात प्रस्ताव होता. स्ट्रेप्टोमायसीन हे माणसाच्या क्षयरोगावरचेही औषध आहे. बागेत ते वारंवार फवारले की जिवाणू त्याला सरावतात. पण तेल्याचा डाग दिसला की प्रतिजैविकाच्या पुडीकडे हात जायची सवय वर्षानुवर्षांची. ती सुटताना जी पोकळी झाली, तिच्यात ‘आयुर्वेदिक’ बाटल्या शिरल्या.

त्या वर्तुळाचा अर्थ आधी समजून घ्या. पाने वाळवून मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवतात, द्रावक उडवतात आणि उरलेला घट्ट अर्क तपासतात. समजा, एक मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क घेतल्यावर वर्तुळ दिसले. म्हणजे लिटरला १०० ग्रॅम. तुमच्या २०० लिटरच्या टाकीला २० किलो कोरडा अर्क लागेल. पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तरी २०० किलो वाळलेला पाला झाला, तोही एका फवारणीला! आपण मात्र पाच लिटर काढा टाकीत ओततो आणि बशीतल्या निकालाची अपेक्षा धरतो.

वर्तुळ मोठे म्हणजे औषध जालीम, हेही खरे नाही. पाण्यात विरघळणारा घटक बशीतल्या माध्यमात लांब पसरतो. तेलकट घटक चांगला असूनही जागीच बसतो. शिवाय नुसते द्रावक टाकूनही वर्तुळ पडू शकते, म्हणून केवळ द्रावकाची एक चकती तुलनेला ठेवावी लागते. निकाल दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

लसणाचे उदाहरण घ्या. अॅलिसिन हा त्याचा जिवाणूरोधक घटक अखंड पाकळीत नसतो. पाकळी ठेचल्यावर विकराच्या क्रियेने तो तयार होतो. पाकळ्या आधी उकळल्या तर विकरच मरते आणि अॅलिसिन तयारच होत नाही. ठेचून महिनाभर ड्रममध्ये ठेवले तर झालेले अॅलिसिनही विघटित होते. आपल्याकडचे निम्मे ‘लसूण काढे’ या दोनपैकी एका चुकीने वाया जातात. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उन्हात टिकत नाही. बशीत ना ऊन असते ना पाऊस. तेल्याचा जिवाणू तर पानाच्या व फळाच्या आत शिरलेला असतो, तिथे वरून मारलेला अर्क पोहोचत नाही.

तरीही ‘मला फरक पडला’ असे सांगणारे शेतकरी खोटे बोलत नाहीत. तेल्या पावसाच्या उडत्या थेंबांनी आणि दमट हवेत पसरतो. चार-आठ दिवस उघडीप मिळाली की नवे डाग आपोआप कमी होतात. फवारणी नेमकी तेव्हाच झालेली असते, कारण पावसात पंप चालतच नाही. श्रेय अर्काला जाते. मृग बहारात मी स्वतःही असा फसलो आहे.

म्हणून वापरायचेच असेल तर एक ओळ तशीच सोडा. त्याच पंपाने, त्याच दिवशी, तिच्यावर नुसते पाणी मारा. दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांवरील ठरावीक फळे सुतळीने बांधा आणि दर आठवड्याला डाग मोजून वहीत लिहा. विस्तार कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक गावात एका बागेत केले, तरी ग्रुपवरच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त कळेल. दाट अर्काने कोवळी पालवी करपते, तेव्हा आधी दोन झाडांवर मारून दोन दिवस थांबा.

बाटली विकत घेताना लेबल वाचा. वनस्पती अर्क २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजक म्हणून येतात, पण त्या व्याख्येत कीडनाशके बसत नाहीत. जैव उत्तेजकाच्या परवान्यावर ‘तेल्या बरा होतो’ असा दावा करता येत नाही. रोगनियंत्रणाचा दावा असेल तर कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर पक्के बिल मागा आणि कृषी अधिकाऱ्याला कळवा. बाटलीत अघोषित रसायन निघाले, तर निर्यातीच्या मालाचे अवशेष तपासणीत काय होईल ते वेगळे सांगायला नको.

तोवर तेल्याच्या बागेत हस्त बहार धरा. रोगट फांद्या डागाच्या खालून छाटून जाळा, प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा आणि छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मारा. नवीन लागवडीसाठी रोपे रोगमुक्त बागेतलीच घ्या.