लेकरांच्या कानावर काय पडावे?

(बी. ए. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी)

शाळेच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापलेली असते. पहिलीतले लेकरूही परिपाठाला हात पुढे करून साऱ्या देशाला आपले बांधव म्हणते. या 'साऱ्यां'त नेमके कोण कोण येते? गरीब येतो, दलित येतो, मुसलमान येतो, बाई येते, अपंग येतो. एवढे आता पुस्तके सांगतात. परंतु ज्याच्या चालण्याबोलण्यात मुलीची लकब आहे असा मुलगा, जिला मुलगी म्हणून जगणे जमत नाही अशी मुलगी, मोठेपणी ज्याचे प्रेम आपल्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडणार आहे असे लेकरू, ही सारी त्यात आहेत की नाहीत, असे विचारले की मोठी माणसे एकदम गप्प होतात. आणि हे शाळेने शिकवावे असे कोणी म्हटले, की तीच गप्प माणसे मोठ्याने बोलू लागतात.

हा विरोध हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो आईबापांच्या नावाने केला जातो आणि आईबापांचे नाव निघाले की सरकारही नमते. महाराष्ट्राला हे नवीन नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांनी शंका विचारली आणि कोणी तिचे ज्ञान दिले, तर त्यात अश्लील ते काय, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पुढे २००७ मध्ये शाळांत किशोरवयीन मुलांसाठी लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हा विधिमंडळात निरनिराळ्या पक्षांच्या आमदारांनी हरकत घेतली आणि शासनाने तो राज्यात बंद केला. अगदी अलीकडे, २०२१ च्या ऑक्टोबरात, दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे यावर एक पुस्तिका काढली. ती मुलांसाठी नव्हतीच, शिक्षकांसाठी होती. गणवेश, स्वच्छतागृहे, मुलामुलींना वेगळे काढण्याची रीत यांचा शिक्षकांनी विचार करावा, असे तीत म्हटले होते. आक्षेप आले, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने पत्र धाडले आणि थोड्याच दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली.

कायदा मात्र या काळात पुढे सरकला होता. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची ओळख व हक्क मान्य केले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय दिला. म्हणजे अठरा वर्षांच्या माणसाला न्यायालयाने सांगितले की तू गुन्हेगार नाहीस. पण त्याआधीची अठरा वर्षे त्याने काय ऐकावे, हे कोणी ठरविले नाही.

आता या आईबापांविषयी. माझे आईवडील शाळेत गेलेले नाहीत. आमच्या घरात अंगठा न लावता सही करणारी मी पहिली. माझ्या पुस्तकात काय छापले आहे ते दादांना कधी वाचता आले नाही. गुरुजी सांगतील ते चांगलेच असणार, एवढ्या भरवशावर त्यांनी मला शाळेत घातले. आमच्या परभणी जिल्ह्यात असे आईबाप घरोघर आहेत. कापूस वेचून, सोयाबीन काढून, ऊसतोडीला जाऊन ते लेकरांना शिकवितात. 'शाळेत आता असले काहीतरी शिकविणार आहेत' असे कोणी त्यांच्या कानात सांगितले तर ते घाबरणारच. त्यांच्या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणविणे हा पदवीधरांचा उद्दामपणा आहे. कारण त्या 'असले' या शब्दाच्या पोटात काय आहे, हे त्यांना कोणी उलगडून दाखविलेलेच नसते.

मी मायला विचारून पाहिले. मोठे शब्द वापरले नाहीत. म्हटले, "वर्गात एखादं पोरगं पोरीसारखं चालत-बोलत असलं, अन् त्याला कोणी चिडवू नाही असं गुरुजींनी लेकरांना सांगितलं, तर तुझी हरकत हाय का?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात हरकत कशाची? कोणाच्या बी लेकराला चिडवूच नाही." पहिली-दुसरीच्या वर्गात शिकवायचा धडा एवढाच आहे! त्यात शरीरसंबंधाचा एक शब्दही नाही. तोच धडा 'लैंगिक अल्पसंख्याकांची समता' अशा नावाने आमच्या दारात आला असता, तर माझी माय दचकली असती. दोष मायचा नाही, नाव देणाऱ्यांचाही थोडा आहे.

लहान लेकरांना हे कळत नाही, हे वय नव्हे, असे म्हणतात. वास्तविक लेकरांना हा विषय शाळा शिकवीतच आहे. फक्त पुस्तकातून नव्हे. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी 'बायल्या' हा शब्द कोठून येतो? टाळी वाजवून दाखविणे तो कोणाकडून शिकतो? आमच्या वर्गात एक मुलगा होता. परिपाठात गाणे म्हणावे ते त्यानेच. पंधरा ऑगस्टची रांगोळी काढावी ती त्यानेच. मधल्या सुट्टीत पोरे त्याला घेरून चालून दाखव, नाचून दाखव म्हणत, आणि हसणारांत मोठी माणसेही असत. सातवीनंतर आम्ही एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जाऊ लागलो, तो आलाच नाही. गावाने ठरविले की त्याला शिक्षणात गोडी नव्हती. ज्याचे अक्षर वर्गात सर्वांत सुंदर होते त्याला गोडी नव्हती! शाळेत जे चालले होते त्याला तुमची हरकत आहे का, असे त्याच्या आईबापांना कोणीही विचारले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. 'पालकांचा विरोध' असे आपण म्हणतो तेव्हा कोणते पालक आपल्या डोळ्यांपुढे असतात? ज्यांच्या लेकराला त्रास नाही ते. ज्याचे लेकरू रोज रडत घरी येते, तो बाप पालक नव्हे काय?

इतिहासात हे पूर्वीही घडले आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. एकट्यासाठी आग्रह धरला तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे सरकारचे म्हणणे पडले. तेथेही पालकांचीच भीती होती आणि तीही लेकरे 'बिघडू नयेत' म्हणूनच होती. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांच्या दडपणाने जोतीरावांच्या जन्मदात्याने, गोविंदरावांनीच, पुढल्या वर्षी दोघांना घराबाहेर काढले. आणि मी तालुक्याला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा मायला सांगायला चार बाया आल्याच होत्या की पोरगी शिकून बिघडते. 'बिघडणे' हा शब्द फार जुना आहे. माणसे बदलतात, तो बदलत नाही.

दुसरी हरकत अशी की हे ऐकून लेकरे तशी होतील. पूर्वी डावऱ्या पोराला उजव्या हाताने लिहावे म्हणून छडी खावी लागे. आता ती पद्धत मागे पडली. म्हणून काही वर्गच्या वर्ग डावरे झाले नाहीत. फक्त डावऱ्यांचा मार चुकला.

तिसरी हरकत, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. ज्यांचा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष आहे आणि जे त्याला 'माउली' म्हणतात, त्यांनी तरी हे म्हणू नये! आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईला तिचा देव दळू लागतो, कांडू लागतो, हे आमच्या आज्या जात्यावर बसून सांगत आल्या. त्या देवाला कोणी बायल्या म्हटले नाही. भारुडात लुगडे नेसलेला पुरुष सारा गाव लेकराबाळांसह बघतो. बालगंधर्वांच्या लुगड्याची आणि केसांची ढब तर घरंदाज स्त्रियांनी उचलली. तात्पर्य, रंगमंचावर आणि देव्हाऱ्यात जे आपल्याला चालते, ते वर्गातल्या बाकावर चालत नाही. खेडी मागासलेली म्हणून हे होते असेही नाही. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिलांच्या जागेवरील अर्ज फेटाळला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला आणि गावकऱ्यांनी त्यांना निवडून दिले. समोर माणूस उभा राहिला की खेड्याला माणूस दिसतो.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आईबापांना अंधारात ठेवून काहीही शिकवू नये. २०१९ मध्ये इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळांपुढे पालकांनी अशाच धड्यांविरुद्ध निदर्शने केली आणि शेवटी न्यायालयाला एका शाळेसमोर निदर्शनांस बंदी घालावी लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२५ मध्ये, असे धडे असतील तेव्हा धर्माच्या कारणास्तव आपल्या मुलांना वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा पालकांच्या बाजूने दिली. बंदी आणि मुभा, दोन्हींत बोलणे मात्र राहून गेले. आणि बाहेर बसविलेले ते लेकरूच तसे असले तर? आपल्याबद्दल वर्गात काहीतरी बोलतात आणि ते आपल्याला ऐकू देत नाहीत, एवढेच त्याला कळणार.

आपल्याकडे बोलण्याची जागा तयार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे. तिच्यापुढे हा धडा ठेवावा. पान मोठ्याने वाचून दाखवावे, आमच्या बोलीत समजावून सांगावे, कारण कित्येकांना वाचता येत नाही. चौथीपर्यंत एवढेच: कोणाला चिडवायचे नाही, घेरायचे नाही, मुलगा रडला तर हसायचे नाही, मुलाने रांगोळी काढली आणि मुलीने कबड्डी खेळली तर त्यात वावगे काही नाही. आठवी-नववीत शास्त्र आणि कायदा सांगावा. आणि सर्वांत आधी हा धडा गुरुजनांना द्यावा, कारण वर्ग त्यांच्याकडे पाहून हसतो किंवा हसायचा थांबतो. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होणार आहेत, म्हणून हे येथे लिहिले.

त्या समितीच्या बैठकीत कोणी हरकत घेतली तर ती जरूर लिहून घ्यावी. मात्र त्याच वहीत, जिचे पोर सातवीनंतर शाळेत आले नाही, त्या मायचीही हरकत लिहावी. तिची हरकत अजून कोणीही नोंदवून घेतलेली नाही.