हवेला पाण्याचा पाइप नको!

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितो आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या नात्यातच दोन घरांच्या मागे हा प्रकार चालू आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा, मग काय ती नावं ठेवा.

आमच्या पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता आणि जेएनपीटीचा रस्ता असे तीन रस्ते भेटतात. जिथे ट्रक तिथे टायर, आणि जिथे टायर तिथे हवा. त्यामुळे इथे घराला लागून गॅरेज असणं नवलाचं नाही. धंदा वाढतो, एकाच्या दोन शेड होतात, पण कॉम्प्रेसर एकच असतो. मग एका शेडमधली हवा दुसऱ्या शेडमध्ये न्यायची वेळ येते.

आमच्या पुतण्याचंही तसंच झालं. कॉम्प्रेसर पुढच्या शेडमध्ये, रंगकाम मागच्या शेडमध्ये, मध्ये चाळीसेक फुटांचं अंगण. त्या अंगणात नातवंडं खेळतात, वाळवणं पडतात. आणि काम करायला आलेल्या माणसाने सुचवलं काय, तर नळाचा पीव्हीसी पाइप! स्वस्त, हलका, सोल्यूशन लावलं की तासाभरात काम फत्ते. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नको म्हणालो तर उत्तर आलं, "काका, तुम्ही मराठी शिकवायचात. यातलं तुम्हाला काय कळतं?"

मराठी शिकवायचो म्हणूनच सांगतो, आधी पाइपावर लिहिलेलं नीट वाचा. त्यावर आयएस ४९८५ असा आकडा असतो. हे भारतीय मानक पिण्याच्या पाण्याच्या पुरवठ्यासाठी वापरायच्या पीव्हीसी पाइपांचं आहे. पाण्याच्या! "दहा किलोचा पाइप आहे, आपली हवा आठ किलोची, मग भीती कसली?" असं विचारणारा माणूस आकडा वाचतो आणि शब्द गाळतो. परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य दिलं असतं. शिवाय तो दहाचा आकडा २७ अंश तापमानाला धरलेला असतो. तापमान वाढलं की पीव्हीसीची ताकद झपाट्याने उतरते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये किती गरम होतं, आणि कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा किती तापलेली असते, हे तिथे उभं राहणाऱ्याला मी काय सांगू?

आता मुख्य मुद्दा. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे पाण्याचा पाइप तडकला की दाब तिथल्या तिथे उतरतो. अंग भिजतं, मोटर बंद करायची, झालं. हवेचं तसं नाही. ती दाबून बसवलेली असते. सात किलोच्या दाबाची हवा मोकळी झाली की साधारण आठपट जागा मागते. म्हणजे पाइपात स्प्रिंग दाबून ठेवल्यासारखं आहे. त्यात पीव्हीसी कडक आणि ठिसूळ. धातूचा पाइप बहुधा चिरतो आणि हवा फुसकन निघून जाते. पीव्हीसीच्या मात्र धारदार ठिकऱ्या उडतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने १९८८ मध्येच, जमिनीवरून नेलेल्या हवेच्या लाइनीला असा उघडा पीव्हीसी पाइप वापरू नका, असा इशारा दिला. पाइप बनवणाऱ्यांची संघटनाही तेच सांगते. विकणाराच नको म्हणतो आणि आपण हट्टाने घेतो, याला काय म्हणावं?

सगळ्यात जास्त चीड मला एका वाक्याची येते : "दहा वर्षं चाललंय, काही झालं नाही." अहो, ऊन खाऊन पीव्हीसी वर्षागणिक ठिसूळ होतं. कॉम्प्रेसरच्या काही तेलांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणजे दहा वर्षं टिकलेला पाइप हा सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे, त्याची दहा वर्षांची ताकद खर्च झाली आहे. मग एखाद्या दिवशी पान्हा हातातून निसटून त्यावर पडतो.

"बरं, मग जमिनीत पुरतो," असं दुसरे म्हणतात. पुरलेला भाग झाकला जाईल हे खरं. पण दोन्ही टोकांना तो वर येणारच ना? आणि धक्का लागतो तो तिथेच.

मग करायचं काय? साधा जीआय पाइप घ्या. पैसा असेल तर तांब्याचा किंवा हवेच्या लाइनीसाठी म्हणून मिळणारा अ‍ॅल्युमिनियमचा. प्लॅस्टिकच हवं असेल, तर कंपनीने दाबाच्या हवेसाठी चालतो असं लेखी दिलेलाच घ्या, दुकानदाराच्या तोंडी हमीवर नको. कॉम्प्रेसर थरथरतो, म्हणून त्याच्या तोंडाशी रबरी होजचा तुकडा आणि एक व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या दमट हवेतून पावसाळ्यात पाणी भरपूर सुटतं. म्हणून लाइनीला हवा जाते त्या दिशेने थोडा उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडायचा कॉक बसवा, आणि फाटे पाइपाच्या वरच्या अंगाने काढा. रंगाच्या गनमध्ये पाणी आलं तर कामाचा कसा विचका होतो, ते पुतण्या मला शिकवेल!

आमच्याकडे शेवटी जीआय पडला. फरक काही हजारांचा होता. टायर बदलताना जॅकखाली लाकडी ठोकळा ठेवणारी ही माणसं भित्री नाहीत आणि मूर्खही नाहीत. मग डोक्यावरून जाणाऱ्या पाइपालाच "चालतंय" कसं?

ज्या दोन घरांबद्दल वर लिहिलं, त्यांना कळलं असेलच. रागावा, फोन करा, पण आधी कॉम्प्रेसर बंद करा. टाकीतली आणि लाइनीतली हवा पूर्ण सोडा, आणि मगच तो पाइप उतरवा. भाजीच्या वेलाला पाणी द्यायला तो छान उपयोगी पडेल.